तेव्हाचा हत्ती कोण होता?

निरनिराळ्या शतकांत आणि निरनिराळ्या जगांत जगलेली माणसे एका कथेत आणायची आणि ती एकमेकांना बांधलेली आहेत हे वाचकाला हळूहळू उमगू द्यायचे, ही विज्ञानकादंबरीची आता मान्यता पावलेली रीत आहे. किम स्टॅन्ली रॉबिन्सन यांच्या २००२ सालच्या ‘द इयर्स ऑफ राइस अँड सॉल्ट’ या कादंबरीत प्लेगने युरोप जवळजवळ निर्मनुष्य होतो. पुढच्या सुमारे सातशे वर्षांचा पर्यायी इतिहास मग मोजक्या जीवांच्या पुनःपुन्हा होणाऱ्या जन्मांतून उलगडत जातो. डेव्हिड मिचेल यांच्या २००४ सालच्या ‘क्लाउड ॲटलस’मध्ये सहा कथानके आहेत. पहिले एकोणिसाव्या शतकातल्या प्रशांत महासागरावर घडते, तर शेवटचे संस्कृती कोसळून गेल्यानंतरच्या हवाई बेटांवर. त्यांना जोडते ती धूमकेतूच्या आकाराची एक जन्मखूण. अशा कादंबऱ्यांना ‘प्रयोगशील’ म्हणण्याची पद्धत आहे आणि त्यांची वंशावळ शोधताना एच. जी. वेल्सच्या कालयंत्रापाशी थांबण्याचीही. पण यंत्र माणसाला एका काळातून दुसऱ्या काळात नुसते पोचवते. त्या दोन काळांतली दोन आयुष्ये एकमेकांची देणेकरी आहेत, ही गोष्ट यंत्राच्या पोटात नसते. ती कुठून आली हे पाहायचे, तर छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या फर्दापूर गावाशेजारच्या दरीत जावे लागते. या कथारीतीचा सर्वांत अवघड प्रश्न, म्हणजे दोन आयुष्यांमधला सांधा वाचकाला कोणी आणि कसा दाखवायचा हा, अजिंठ्याच्या चित्रकारांनी पंधराशे वर्षांपूर्वी हाताळला. बोलणाऱ्याच्या तोंडून तो काढून घेऊन त्यांनी तो रचनेवर सोपवला. पुढचे सगळे विवेचन याच एका म्हणण्यासाठी आहे.

फर्दापूर हे सोयगाव तालुक्यातले, अजिंठ्याच्या घाटाच्या पायथ्याचे गाव. घाट चढला की पठारावर अजिंठा गाव लागते आणि उतरले की खानदेशाची सपाटी सुरू होते. लेण्यांना नाव मिळाले ते वरच्या गावाचे, पण लेण्यांकडे जाणारी वाट फुटते ती खालच्या फर्दापूरजवळून. आज जळगाव रस्त्यावरच्या टी-पॉइंटला गाड्या थांबतात आणि तिथून बसने वाघूर नदीच्या दरीत शिरावे लागते. गावातली जुनी सराई औरंगजेबाच्या काळातली मानली जाते. उत्तर हिंदुस्थानातून बुऱ्हाणपूरमार्गे दख्खनेत येणाऱ्याला घाटाखाली मुक्काम लागणारच, हे त्या सराईमागचे साधे गणित होते. मात्र ही वाट मुघलांहून फार जुनी आहे. सुत्तनिपातात गोदावरीकाठच्या बावरी ब्राह्मणाचे सोळा शिष्य प्रतिष्ठानाहून, म्हणजे पैठणहून, माहिष्मती आणि उज्जयिनीमार्गे श्रावस्तीला जातात. सह्याद्रीची अजिंठ्याची रांग ओलांडल्याशिवाय गोदावरीचे खोरे सोडून त्या दिशेला जाता येत नाही. व्यापारी, भिक्षू आणि सैन्य ज्या खिंडींतून ये-जा करत, त्यांच्याच परिसरात नालाच्या आकाराच्या कड्यात तीस लेणी खोदली गेली. पहिली मूठभर सातवाहनांच्या काळात, इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकांत. बाकीची जवळजवळ सगळी वाकाटक सम्राट हरिषेणाच्या काळात, इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात. या दोन कालखंडांत चारपाचशे वर्षांचे अंतर आहे आणि ते अंतर या लेखाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

दोन्ही काळांतल्या भिंतींवर मुख्यतः रंगवल्या गेल्या त्या जातककथा आणि बुद्धचरित्रातले प्रसंग. पाली जातकसंग्रहात ५४७ कथा आहेत आणि त्यांची बांधणी ठरलेली आहे. आधी वर्तमानातला प्रसंग येतो: बुद्धाच्या भोवती काहीतरी घडते, कोणी भांडते, कोणी रडते. मग बुद्ध सांगतो की हे पूर्वीही घडले होते, आणि भूतकाळातली गोष्ट सुरू होते. शेवटी येतो तो समोधान, म्हणजे जोड: तेव्हाचा राजा म्हणजे आताचा आनंद, तेव्हाचा पारधी म्हणजे आताचा देवदत्त, आणि तेव्हाचा हत्ती म्हणजे मीच. मराठी वाचकाला या कथा परक्या नाहीत. पालीचे प्राध्यापक असलेल्या चिं. वि. जोशी यांनी त्या निवडून मराठीत आणल्या आणि दुर्गा भागवतांनी ‘सिद्धार्थ जातक’ या नावाने सात खंडांत त्यांचा अनुवाद केला. पण आपण त्या बहुधा पंचतंत्राच्या वळणावर वाचतो. मधली प्राण्यांची गोष्ट आणि तिचे तात्पर्य तेवढे घेतो, आणि पुढची-मागची चौकट धर्मग्रंथाचा उपचार म्हणून सोडून देतो. चौकट सोडली की जातकात उरते ती नीतिकथा. चौकटीसकट वाचले, की तीच गोष्ट काळाच्या दोन टोकांना बांधलेली रचना होते.

छद्दन्त जातक हे याचे उत्तम उदाहरण आहे. श्रावस्तीची एक तरुण भिक्षुणी धर्मसभेत बुद्धाकडे पाहत बसलेली असते. एकाएकी तिला पूर्वजन्म आठवतो: कोण्या एका जन्मी आपण याची पत्नी होतो. आनंदाने तिला हसू फुटते. मग ती आठवणीत आणखी खोल जाते आणि तिला दिसते की आपणच याचा घात करवला होता. ती मोठ्याने रडू लागते. बुद्ध मग हिमालयातल्या सहा दातांच्या शुभ्र गजराजाची कथा सांगतो. त्याला दोन राण्या होत्या. एकदा त्याने फुललेल्या सालवृक्षाला धडक दिली, तेव्हा एकीच्या अंगावर फुले पडली आणि दुसरीच्या अंगावर वाळकी पाने व मुंग्या. धाकटीने ते मनात धरले, सूड घेण्याची प्रार्थना केली आणि ती मेली. पुढच्या जन्मी ती वाराणसीच्या राजाची राणी झाली, पण मत्सर तिच्याबरोबरच जन्माला आला होता. तिने सोनुत्तर नावाच्या पारध्याला त्या हत्तीचे दात आणायला पाठवले. बाण लागलेल्या हत्तीने पारध्याला मारले तर नाहीच, उलट दात कापायला त्यालाच मदत केली. दात राजवाड्यात आले, राणीने ते पाहिले आणि दुःखाने तिचे काळीज फुटले.

इथे एकाच स्त्रीची तीन आयुष्ये आहेत: हत्तीण, राणी, भिक्षुणी. पहिल्यातली जखम दुसऱ्यात गुन्हा होते आणि दुसऱ्यातला गुन्हा तिसऱ्यात ओळख होतो. तिचे आधीचे हसणे आणि नंतरचे रडणे यांत काही क्षणांचेच अंतर आहे, पण त्या क्षणांत दोन जन्मांचा हिशेब मावला आहे. एवढ्या जागेत इतके काम उरकणारी रचना आजच्या कादंबरीकारालाही हेवा वाटावा अशी आहे. रॉबिन्सन यांच्या कादंबरीतही काही जीव जथ्थ्याने पुन्हा पुन्हा जन्मतात, त्यांच्या नावांची आद्याक्षरे कायम राहतात आणि दोन जन्मांच्या मधल्या तिबेटी अंतराळात, बार्दोत, ते भेटून मागच्या आयुष्याचा झाडा घेतात. देवदत्त, आनंद, यशोधरा आणि बुद्ध यांचा जथ्था जातकांत हेच करतो. फरक आहे तो सांध्यात. जातकात सांधा उघड बोलून दाखवला जातो आणि बोलणारा सर्वज्ञ असतो. कादंबरीत तो अक्षरात किंवा खुणेत लपवलेला असतो आणि वाचकाने तो शोधायचा असतो. सांगितलेल्या सांध्यापासून शोधायच्या सांध्यापर्यंतचा हा प्रवास कुठेतरी घडला असणार. तो अजिंठ्यात घडला असे म्हणायला काय आधार आहे?

पहिला आधार भिंतीचा. छद्दन्ताची कथा दरीत दोनदा रंगवली गेली: दहाव्या क्रमांकाच्या चैत्यगृहात सातवाहनांच्या काळात आणि सतराव्या क्रमांकाच्या विहारात वाकाटकांच्या काळात. भिंतीला तोंड नसते. ‘तेव्हाचा हत्ती म्हणजे मी’ हे वाक्य रंगवता येत नाही. मग चित्रकाराने काय करायचे? दहाव्या लेण्यातल्या लांबट पट्ट्यात एकीकडे जंगल आहे, हत्तींचे कळप आहेत, पारधी आहे. दुसरीकडे राजवाडा आहे आणि दात पाहून कोसळणारी राणी आहे. विद्या दहेजिया आणि डीटर श्लिंग्लॉफ यांनी अजिंठ्याच्या कथाचित्रांचा बारकाईने अभ्यास केला. त्यातून दिसते की इथले प्रसंग घटनाक्रमाने ओळीत लावलेले नाहीत, ते बहुधा स्थळानुसार गोळा केलेले आहेत. जंगलात आधी घडलेले आणि नंतर घडलेले एकाच रंगवलेल्या जंगलात शेजारी बसते, राजवाड्यातले राजवाड्यात. पाहणाऱ्याला कथेबरोबर पुढे जायचे तर नजर दोन जागांमध्ये मागे-पुढे न्यावी लागते. काळाचे धागे जोडण्याचे काम अशा रीतीने चित्रातून पाहणाऱ्याकडे आले. सतराव्या लेण्यात तर ही पद्धत भिंतभर पसरलेल्या जाळ्यासारखी होते आणि चौकटी नसल्याने एक कथा कुठे संपून दुसरी कुठे सुरू झाली हेही पाहणाऱ्यानेच ओळखायचे असते.

दुसरा आधार वास्तूचा. सतराव्या लेण्यात तिसाच्या आसपास कथा ओळखल्या गेल्या आहेत: विश्वंतर, शिबी, महाकपी, शरभ, मातेला पोसणारा हत्ती, राक्षसींच्या बेटावर जाऊन आलेला सिंहल व्यापारी. व्हरांड्याच्या डाव्या अंगाला भवचक्राचे मोठे वर्तुळ आहे, ज्याच्या कप्प्यांत देव, माणसे, पशू अशा निरनिराळ्या गतींची जगे दाखवलेली असतात. आतमध्ये बुद्ध त्रायस्त्रिंश स्वर्गातून शिडीने सांकाश्यला उतरतो तो प्रसंग आहे. एवढी जगे आणि एवढे जन्म पार करत जो चालत जातो, तो शेवटी मागच्या भिंतीतल्या गाभाऱ्यापाशी पोचतो आणि तिथे दगडात बसलेला बुद्ध असतो. माकड, हत्ती, हरीण, राजा या साऱ्यांचे शेवटचे नाव तिथे आहे. ग्रंथात जो सांधा कथेच्या अखेरीस वाक्य म्हणून येतो, तो इथे खोलीच्या अखेरीस मूर्ती म्हणून येतो, आणि तोही अनेक कथांसाठी एकदाच. वाकाटककालीन विहारांत गाभारा आला हा धर्मेतिहासातला बदल म्हणून नेहमी सांगितला जातो. कथनाच्या इतिहासात त्याचे महत्त्व याहून कमी नाही: विखुरलेल्या आयुष्यांना एकाच केंद्राकडे तोंड करून मांडणारी रचना त्यातून तयार झाली.

तिसरा आधार शिलालेखांचा आहे आणि तो सर्वांत बोलका आहे, कारण त्यात कथेतली पात्रे नाहीत, प्रत्यक्ष जगलेली माणसे आहेत. सतराव्या लेण्याच्या लेखात दान देणाऱ्या स्थानिक मांडलिक राजाचा धाकटा भाऊ रविसांब अकाली मरण पावल्याचा आणि त्यातून मोठ्याला जगाच्या अनित्यतेचा विचार सुचल्याचा उल्लेख आहे. भाऊ गमावलेल्या माणसाने आपले लेणे जन्मजन्मांतरीच्या कथांनी भरून घ्यावे, यात निव्वळ सजावटीची हौस दिसत नाही. सव्विसाव्या लेण्याच्या लेखात बुद्धभद्र नावाचा भिक्षू हे लेणे अश्मक देशाचा अमात्य भव्विराज याच्या स्मरणार्थ करवल्याचे सांगतो. या अमात्याशी आपला स्नेह अनेक जन्मांचा आहे, असे तो लिहितो. दोन ऐतिहासिक व्यक्तींच्या मैत्रीचा पुरावा म्हणून दगडात कोरलेले हे विधान आहे. त्याच लेखात पूर्वी होऊन गेलेल्या अचल नावाच्या स्थविराचा उल्लेख येतो. इ. स. ६४०च्या सुमारास महाराष्ट्रात आलेल्या ह्युएन त्संगने याच संघारामाची उत्पत्तिकथा नोंदवली. अचल अर्हताची आई वारली. ती कुठे जन्मली हे त्याने ध्यानाने शोधले, तेव्हा ती याच देशात एक स्त्री म्हणून जन्मल्याचे त्याला कळले. तो भिक्षापात्र घेऊन तिच्या दारी गेला. त्याला पाहताच त्या परक्या बाईला पान्हा फुटला. त्याने तिला पूर्वजन्मीची गोष्ट सांगितली, तिला ज्ञान झाले आणि तिचे ऋण फेडण्यासाठी त्याने इथे विहार उभारला. ही दरी का कोरली गेली याचे सातव्या शतकातल्या लोकांकडचे उत्तरच असे दोन आयुष्यांना जोडणारे होते.

हा सांधा किती नाजूक असतो हे तो तुटल्यावर कळले. २८ एप्रिल १८१९ रोजी मद्रास घोडदळाचा अधिकारी जॉन स्मिथ याने दहाव्या लेण्यातल्या खांबावर आपले नाव कोरले. तेव्हापासून पुढची सत्तर-ऐंशी वर्षे जगाने अजिंठा पाहिला, पण वाचला नाही. सतराव्या लेण्यातले भवचक्र ‘राशिचक्र’ म्हणून ओळखले गेले. पहिल्या लेण्यातल्या दरबाराच्या दृश्यात जेम्स फर्ग्युसनला चालुक्य पुलकेशीच्या भेटीला आलेली इराणी वकिलात दिसली आणि पाठ्यपुस्तकांतून ती कित्येक पिढ्या टिकली, जरी नंतरच्या अभ्यासकांनी ते दृश्य बौद्ध कथेतले असल्याचे दाखवले. जोड माहीत नसली की जन्मकथा दरबारी प्रसंग होऊन बसते. १८९०च्या दशकात सर्गेई ओल्डेनबर्गने काही जातके ओळखली. १९०२मध्ये हाइनरिख ल्यूडर्सने दुसऱ्या लेण्यात चित्रांबरोबर लिहिलेले श्लोक आर्यशूराच्या ‘जातकमाले’तले असल्याचे दाखवले. पुढे आल्फ्रेड फूशे आणि श्लिंग्लॉफ यांनी तो धागा पुन्हा विणला. याच काळात प्रतिकृतींचेही एक जन्मचक्र चालू होते. १८४४पासून कॅप्टन रॉबर्ट गिलने वर्षानुवर्षे केलेल्या चित्रनकला लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६६मध्ये जळाल्या. १८७२ ते १८८५ या काळात जॉन ग्रिफिथ्स आणि मुंबईच्या कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांनी केलेल्यांपैकी बऱ्याच दक्षिण केन्सिंग्टनच्या आगीत गेल्या. जपानी चित्रकार अराई काम्पो आणि सहकाऱ्यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात नेलेल्या नकला १९२३च्या तोक्योच्या भूकंपात नष्ट झाल्या. तरीही फर्दापूरला चित्रकार येतच राहिले. १९०९ ते १९११ या काळात लेडी हेरिंगहॅमच्या पथकात नंदलाल बोस, असितकुमार हालदार, वेंकटप्पा आणि हैदराबादचे सय्यद अहमद होते. फर्दापूरच्या मुक्कामातून रोज दरीत जाऊन त्यांनी नकला केल्या. १९१४मध्ये निजाम सरकारचे पुरातत्त्व खाते निघाले आणि त्याचे प्रमुख गुलाम याझदानी यांनी चित्रांचे जतन व प्रकाशन हाती घेतले. नंदलाल बोसांच्या पिढीने इथून जे नेले त्यात रेषेची लय होती, देहाचे डौल होते, पण कथांची एकमेकींशी असलेली गुंफण नव्हती. नकला चौकटींच्या झाल्या, खोल्यांच्या नाही.

या म्हणण्यावर पहिला आक्षेप उघड आहे: जातक म्हणजे धर्मकथा, तिला विज्ञानकथेची पूर्वज कसे म्हणायचे? ‘आमच्याकडे सगळे आधीच होते’ या नेहमीच्या फुशारकीत ही भर तर नाही? आक्षेपाचा पहिला भाग मान्य करायला हवा. जातकात विज्ञान नाही आणि ते आहे असे भासवणे हा जातकावरही अन्याय होईल. जयंत नारळीकरांनी विज्ञानकथेकडून जी अपेक्षा धरली, म्हणजे ज्ञात विज्ञानाशी इमान राखून कल्पना पुढे नेण्याची, तिच्यात पुनर्जन्म बसत नाही. त्यांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत इतिहासाचे प्राध्यापक अपघातानंतर अशा जगात पोचतात जिथे पानिपतची लढाई मराठ्यांनी जिंकली आहे. दोन जगांमधला दुवा तिथे पुंजभौतिकीच्या शक्यतांचा आहे आणि पुरावा म्हणून खिशात आलेले बखरीचे एक पान आहे. पण या तुलनेतूनच मुद्दा स्पष्ट होतो. नारळीकरांच्या कथेतली दोन जगे एकमेकांपासून फुटून निघालेली आहेत, त्यांच्यात देणेघेणे नाही. तिथल्या विजयाची किंमत इथल्या कोणी मोजलेली नाही. मराठी विज्ञानकथा विसाव्या शतकाच्या आरंभी ज्यूल व्हर्नच्या रूपांतरांतून सुरू झाली, १९६६मध्ये स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धांतून वाढली. ‘काय शक्य आहे’ हा तिचा मुख्य प्रश्न राहिला. अनेक काळांतली आयुष्ये सांधणारी कादंबरी ‘कोण कोणाला बांधील आहे’ हा दुसराच प्रश्न विचारते, आणि त्या प्रश्नाचा कथनातला इतिहास वेल्सपेक्षा फार जुना आहे. इथे दावा रचनेपुरता आहे, शोधापुरता नाही. अजिंठ्याच्या भिंती पाहून मिचेल किंवा रॉबिन्सन यांनी लिहिले असेही कोणी म्हणत नाही. रॉबिन्सन यांनी तिबेटी बौद्ध परंपरेचा उघड आधार घेतला आहे, आणि ती परंपरा व अजिंठा यांचे मूळ एकच.

दुसरा आक्षेप अधिक धारदार आहे आणि तो बौद्ध तत्त्वज्ञानाच्या आतूनच येतो. बुद्धाने नित्य आत्मा नाकारला. आत्माच नसेल तर हत्तीण, राणी आणि भिक्षुणी या एकच कशा? सांधणार काय? ‘मिलिंदपञ्ह’ या ग्रंथात राजा मिलिंदाने नागसेनाला हेच विचारले. नागसेनाने रात्रभर जळणाऱ्या दिव्याचा दाखला दिला: पहिल्या प्रहरीची ज्योत आणि शेवटच्या प्रहरीची ज्योत एक नव्हेत, पण निराळ्याही नव्हेत. वस्तू पुढे जात नाही, कार्यकारणाची अखंडता पुढे जाते. कथनाच्या दृष्टीने ही भूमिका आत्मा मानण्यापेक्षा अधिक सुपीक आहे. तोच आत्मा कपडे बदलतो असे म्हटले, तर सगळी आयुष्ये एकाच पात्राचे वेष ठरतात आणि कथा सपाट होते. ‘तोही नाही, दुसराही नाही’ असे म्हटले, तर प्रत्येक आयुष्याला स्वतःचे वजन राहते आणि तरी मागचे ओझे सुटत नाही. आजच्या अशा कादंबऱ्यांतली पात्रे ‘एकच आहेत का?’ या प्रश्नावर लेखक मुद्दाम हो किंवा नाही म्हणत नाहीत, यामागे हेच शहाणपण आहे. हत्तीला मारवणारी राणी आणि सभेत रडणारी भिक्षुणी एकच असती, तर ते रडणे पश्चात्ताप ठरले असते. त्या निराळ्या असत्या, तर ते रडायचे कारणच नव्हते.

तिसरा आक्षेप महाराष्ट्राच्या मातीतला आहे आणि त्याला बगल देऊन अजिंठ्याबद्दल बोलणे अप्रामाणिक होईल. पूर्वजन्मीच्या कर्माच्या सिद्धांताने या देशात काय केले? आजचे दारिद्र्य आणि आजची अस्पृश्यता ही मागच्या जन्माची फळे, असे सांगून अन्यायाला न्यायाचे रूप दिले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा घेतली आणि १९५७मध्ये प्रकाशित झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’मध्ये आत्म्याचे देहांतर आणि गतजन्मीच्या कर्माचे ओझे या दोन्ही कल्पना स्पष्टपणे नाकारल्या. फर्दापूरहून शंभर किलोमीटरवरच्या छत्रपती संभाजीनगरात १९५०मध्ये त्यांनी काढलेल्या महाविद्यालयाला मिलिंदाचे नाव आहे, हेही अर्थपूर्ण आहे: प्रश्न विचारणाऱ्या राजाचे नाव. जन्मांच्या हिशेबाची भाषा ज्यांच्या पाठीवर वळ उमटवून गेली, त्यांनी या भिंतींचे कौतुक का करावे? उत्तर आंबेडकरांच्या नकाराला वळसा घालून देता येणार नाही, तो मान्य करूनच द्यावे लागेल. श्रद्धा म्हणून पूर्वजन्म सोडून दिला तरी रचना म्हणून तो काय करतो, हे पाहता येते. अजिंठ्याच्या भिंतींवरच्या कथा बहुतेक करून ‘तू भोगतो आहेस कारण तू पाप केले होतेस’ असे सांगत नाहीत. त्या सांगतात की पुढे बुद्ध होणारा एकदा माकड होता, एकदा रेडा, एकदा हरीण. जातकसंग्रहात तो चांडाळकुळातही जन्मतो आणि मातंग जातकात जातीचा गर्व धरणाऱ्यांना नमवतो. जन्माची उतरंड पक्की करण्यासाठी हे साधन वापरता येते, तसेच ती निरर्थक ठरवण्यासाठीही वापरता येते. इथे ते बव्हंशी दुसऱ्या कामी लागले आहे: ज्याला आज पशू म्हणून मारतो आहेस तो कोण आहे हे तुला ठाऊक नाही. हिशेबाची दिशा इथे फिरते. बळी पडलेल्याला त्याचा जाब द्यावा लागत नाही, बळी घेणाऱ्याला द्यावा लागतो. छद्दन्ताच्या गोष्टीत रडते ती मारवणारी.

चौथा आक्षेप व्यावहारिक आहे. लेण्यांत अंधार. पणत्यांच्या उजेडात, गर्दीने रंगवलेल्या भिंतीवर काळाचे धागे कोण जोडत बसला असेल? ही चित्रे पुण्यासाठी होती, वाचण्यासाठी नव्हती, असे म्हणणारे अभ्यासक आहेत, आणि दानाच्या लेखांत पुण्याची भाषा आहेच. पण केवळ पुण्यासाठी चित्र काढणाऱ्याला त्याबरोबर श्लोक लिहायचे कारण नसते, आणि दुसऱ्या लेण्यात आर्यशूराचे श्लोक आहेत. सतराव्या लेण्यात शिबीच्या चित्राशी त्याचे नाव लिहिले आहे. कोणीतरी वाचेल, कोणीतरी कुणाला बोट दाखवून सांगेल, ही अपेक्षा त्यात धरलेली आहे. बुद्धभद्राच्या लेखात तर ही अपेक्षा उघड होते. जगात स्मृती ताजी राहते तोवर माणूस स्वर्गात सुख भोगतो, म्हणून चंद्रसूर्याइतके टिकणारे स्मारक डोंगरात उभारावे, असा त्याचा आशय आहे. पुण्य आणि वाचन यांत त्या काळच्या माणसाला विरोध वाटत नव्हता. कारण त्याच्या हिशेबी पुण्य टिकवणारा शेवटी पुढच्या काळातला पाहणाराच होता.

हे मान्य केले तर काही गोष्टी ओघाने येतात. अजिंठ्याची ओळख आपण पद्मपाणीच्या चेहऱ्यावर आणून ठेवली आहे. पत्रिका, दिनदर्शिका आणि शासनाच्या जाहिराती यांतून तो एकटाच येतो. तो ज्या पहिल्या लेण्यात आहे, तिथेच त्याच्या बाजूच्या भिंतीवर राज्य सोडून निघालेल्या महाजनकाची सबंध कथा आहे, हे बहुतेक पाहुण्यांना कोणी सांगत नाही. फर्दापूरजवळच्या अभ्यागत केंद्रासाठी जपानच्या अर्थसाहाय्याने १, २, १६ आणि १७ या लेण्यांच्या प्रतिकृती उभारल्या गेल्या. ही निवड योग्यच होती, कारण एकेक चित्र नव्हे तर संपूर्ण दालन हेच इथले कथनाचे एकक आहे. अशा दालनात गर्दीची आणि उजेडाची चिंता न करता एकच कथा जंगलातून राजवाड्यात आणि परत जंगलात चालत नेऊन दाखवता येते, एका भिंतीवरून गाभाऱ्यापर्यंत सांधा लावून दाखवता येतो. मूळ रंगांना श्वासाचा आणि दमटपणाचा धोका असताना ही सोय चैनीची नाही, गरजेची आहे. रंगांच्या खपल्या जपणे जितके आवश्यक, तितकाच कथांचा शेजार जपणे आवश्यक आहे. कारण १८१९नंतरची सत्तर वर्षे रंग डोळ्यांसमोर होते आणि तरी अर्थ नाहीसा झाला होता.

मराठी कादंबरीकारापुढेही यातून एक निवड उभी राहते. अनेक काळ आणि अनेक जगे जोडणारी मोठी विज्ञानकादंबरी लिहायची, तर समांतर विश्वांचे गणित आता सहज उपलब्ध आहे आणि ते नारळीकरांनी मराठीत रुळवलेही आहे. मात्र गणित दोन जगांमध्ये दार उघडून देते, त्या दारातून कोणाचे कोणाकडे काय येणे आहे हे सांगत नाही. अजिंठ्याच्या चित्रकारांनी तो हिशेब निवेदकाच्या तोंडून काढून पाहणाऱ्याच्या नजरेवर सोपवला आणि तसे करताना एकाही आयुष्याला दुसऱ्याची केवळ पूर्वतयारी होऊ दिले नाही. हत्ती हत्ती म्हणूनच रंगवला, राणी राणी म्हणूनच. वाचकाच्या अकलेवर असा विश्वास टाकणे आणि प्रत्येक काळाला त्याचे पूर्ण वजन देणे, ही या रीतीची खरी कसोटी आहे. पाचव्या शतकातले सतरावे लेणे त्या कसोटीला उतरते. एकविसाव्या शतकातल्या कादंबऱ्याही तिलाच लावून पाहाव्यात.